सिमकार्ड आणि पायवाट: कामिनोला निघालेल्यांचे आठ गैरसमज

स्पेनच्या वायव्य टोकाला सांतियागो दे कोम्पोस्तेला नावाचं शहर आहे. तिथल्या कॅथेड्रलपर्यंत पायी जायची प्रथा हजार वर्षांहून जुनी आहे. या वाटांना मिळून ‘कामिनो’ म्हणतात. 2024 या एका वर्षात जवळपास 5 लाख लोकांनी ही पदयात्रा पुरी केल्याचं प्रमाणपत्र घेतलं. यातली सर्वांत प्रसिद्ध ‘फ्रेंच वाट’ फ्रान्समधल्या सँ-जाँ-पिए-द-पोर या छोट्या गावातून निघते, पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेनमध्ये उतरते आणि सुमारे 780 किलोमीटरनंतर संपते. आळंदी ते पंढरपूर वारीच्या तिपटीहून जास्त हे अंतर, म्हणजे 30 ते 35 दिवसांची चाल.

आता मराठी मंडळीही या वाटेला लागली आहेत. बूट, सॅक, रेनकोट यांची चौकशी ती महिनोन्‌महिने करतात. फोनचा विषय मात्र ‘तिथं गेल्यावर बघू’ म्हणून मागे पडतो, आणि मग ऐकीव माहितीवर निर्णय होतात. गाडीने फिरणाऱ्याचं त्यात फारसं बिघडत नाही, कारण दुकान चुकलं तर तो पुढच्या शहरात तासाभरात पोचतो. पायी चालणाऱ्याला तेच पुढचं शहर तीन दिवसांवर असतं. म्हणून हे गैरसमज एकेक करून तपासू.

गैरसमज 1: सिम काय, वाटेत कुठल्याही गावात मिळेल.

वस्तुस्थिती: वाटेवरची बहुतेक गावं अगदी लहान आहेत. एक चर्च, एक बार आणि यात्रेकरूंचा मुक्काम, म्हणजे अल्बेर्गे, एवढंच तिथं असतं. मोबाइल कंपन्यांची दुकानं पांपलोना, लोग्रोन्यो, बुर्गोस, लेओन अशा शहरांत आहेत. सँ-जाँहून निघालेला माणूस यातल्या पहिल्या शहरात, पांपलोनाला, साधारण तिसऱ्या दिवशी पोचतो.

त्यात वेळेची अडचण येते. पदयात्री पहाटे सहा-सातला निघतो आणि दुपारी एक-दोनला मुक्काम गाठतो. स्पेनमधली बरीच दुकानं नेमकी तेव्हाच बंद होतात आणि पाचच्या सुमारास पुन्हा उघडतात. लहान शहरांत रविवारी तर शटर उघडतच नाही. त्यामुळे विमानाने ज्या मोठ्या शहरात उतराल तिथंच, चाल सुरू होण्यापूर्वी, सिम घेणं सोयीचं. विमानतळावर पर्याय कमी आणि दर चढे असतात. हाताशी अर्धा दिवस असेल तर शहरातल्या कंपनीच्या दुकानात जा. 10 ते 20 युरोंत महिनाभर पुरेल असं प्रीपेड कार्ड सहसा मिळतं. काउंटरवर ‘सिम प्रेपागो’ म्हटलं की समजतं. रिचार्जला ‘रेकार्गा’ म्हणतात.

गैरसमज 2: आधार दाखवू, नाहीतर पासपोर्टचा फोटो फोनमध्ये आहेच.

वस्तुस्थिती: 11 मार्च 2004 रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांमध्ये बाँबस्फोट झाले आणि 190 हून अधिक माणसं मेली. ते बाँब मोबाइल फोनच्या साहाय्याने उडवले होते. न फुटलेल्या एका बॅगेतल्या फोनच्या प्रीपेड कार्डावरूनच तपासाचा धागा मिळाला. त्यानंतर 2007 मध्ये स्पेनने कायदा केला की प्रीपेड कार्ड घेणाऱ्याची ओळख नोंदवलीच पाहिजे. नोंद न झालेली जुनी कार्डं 2009 मध्ये बंद करण्यात आली.

म्हणून दुकानदार मूळ पासपोर्ट मागतो, तो कायद्याने बांधलेला आहे. आधार, पॅन किंवा वाहन परवाना यांचा तिथं उपयोग नाही. हॉटेलच्या तिजोरीत पासपोर्ट ठेवून सिम आणायला जाल तर रिकाम्या हाताने परत याल. सगळ्या देशांत हाच नियम आहे असंही समजू नका. ब्रिटनमध्ये प्रीपेड सिमसाठी ओळखपत्राची सक्ती नाही, तर जर्मनीने 2017 पासून ओळखीची पडताळणी बंधनकारक केली आहे.

गैरसमज 3: कार्ड फोनमध्ये बसलं, नेटवर्क आलं, काम संपलं.

वस्तुस्थिती: आपल्याकडचे लोक सर्वांत जास्त अडकतात ते इथं. भारतात सिम घातलं की चालू होतं. युरोपातल्या बहुतेक सिमकार्डांना मात्र चार अंकी पिन आधीच लावलेला असतो, आणि फोन बंद होऊन पुन्हा सुरू झाला की तो विचारला जातो.

सहाव्या दिवसाची संध्याकाळ डोळ्यांपुढे आणा. दिवसभर नकाशा आणि फोटो यांत बॅटरी संपून फोन बंद पडला आहे. अल्बेर्गेतल्या बंक बेडशेजारच्या एकुलत्या एका सॉकेटचा नंबर लागतो, तुम्ही चार्जर लावता, फोन जिवंत होतो आणि पडद्यावर चौकट येते: सिमचा पिन टाका. तो पिन कुठं असतो? क्रेडिट कार्डाएवढ्या ज्या प्लॅस्टिकच्या पट्टीतून इवलंसं सिम तोडून काढलं, तिच्यावर, बहुधा खरवडायच्या पट्ट्याखाली. ती पट्टी दुकानाच्या कचऱ्याच्या डब्यात गेलेली असते, दीडशे किलोमीटर मागे.

अंदाजाने आकडे दाबू नका. तीनदा चुकलं की सिम कुलूपबंद होतं आणि आठ अंकी ‘पक’ क्रमांक मागतं. तोही त्याच पट्टीवर असतो. पक दहा वेळा चुकला तर कार्ड कायमचं निकामी होतं. त्यामुळे दोनच गोष्टी करा: पट्टी पासपोर्टच्या पाकिटात जपून ठेवा आणि पिन कागदावर लिहून ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सिमचा पिन बंदही करता येतो. दुकानातून निघण्यापूर्वीच तिथल्या माणसाकडून ते करून घेतलेलं बरं. निघण्यापूर्वी एकदा फोन बंद करून चालू करून बघा.

गैरसमज 4: सीमा ओलांडली की सिम बदलावं लागतं.

वस्तुस्थिती: युरोपीय संघात 15 जून 2017 पासून नियम आहे की एका सदस्य देशाचं सिम दुसऱ्या सदस्य देशात वापरताना वेगळे रोमिंग दर लावायचे नाहीत. या नियमाची मुदत आता 2032 पर्यंत वाढवली आहे. म्हणून फ्रान्समध्ये घेतलेलं सिम पिरेनीजपलीकडे चालतं. पोर्तोहून निघणाऱ्या पोर्तुगीज वाटेवर मिन्यो नदीचा पूल ओलांडून वालेन्साहून तुईला गेलात तरी काही बदलावं लागत नाही. बदलतं ते फक्त घड्याळ, एका तासाने.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाकिटावर छापलेला सगळा डेटा दुसऱ्या देशात वापरता येईलच असं नाही. कंपन्यांना रोमिंगच्या डेटावर वाजवी मर्यादा घालायची मुभा आहे, आणि प्रीपेड कार्डांवर ती बरेचदा असते. तो आकडा आधी विचारून घ्या. दुसरं म्हणजे ‘युरोप’ आणि ‘युरोपीय संघ’ एक नव्हे. स्वित्झर्लंड, ब्रिटन आणि अँडोरा या नियमात बसत नाहीत. आल्प्समधली माँ ब्लाँ पर्वताभोवतीची सुमारे 170 किलोमीटरची प्रसिद्ध प्रदक्षिणा फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाते. कामिनोला जोडून ती करणाऱ्याने स्विस हद्दीत शिरण्यापूर्वी डेटा रोमिंग बंद करावं किंवा स्वित्झर्लंडचा समावेश असलेला प्लॅन घ्यावा.

गैरसमज 5: ई-सिम असलं की दुसरं काही लागत नाही.

वस्तुस्थिती: ई-सिम सोयीचं आहे. घरबसल्या विकत घेता येतं, दुकान शोधावं लागत नाही, आणि आपलं भारतीय कार्ड जागेवरून हलवावं लागत नाही. पण प्रवाशांसाठी विकली जाणारी बरीचशी ई-सिम फक्त डेटा देतात, फोन क्रमांक देत नाहीत. अल्बेर्गेत जागा आहे का, सॅक पुढच्या मुक्कामी पोचवणारी गाडी आली का, हे विचारायला साधा फोन करावा लागतो. समोरचा व्हॉट्सअॅपवर असेल तर भागतं. गावातली वयस्क मालकीण लँडलाइनवरच असेल तर भागत नाही.

पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने आणखी एक फरक आहे. फोन ओढ्यात पडला किंवा दगडावर आपटून फुटला, तर प्लॅस्टिकचं सिम काढून कुठल्याही स्वस्त फोनमध्ये घालता येतं. ई-सिम फुटक्या फोनमधून असं उचलता येत नाही. ते विकणाऱ्याकडून पुन्हा मिळवावं लागतं आणि त्यासाठी इंटरनेट लागतं. घेण्यापूर्वी आपला फोन ई-सिम स्वीकारतो का हेही तपासा. अनेक जुन्या फोनांत ती सोयच नाही.

गैरसमज 6: परदेशी सिम घेतलं की भारतीय सिम काढून ठेवायचं.

वस्तुस्थिती: ते काढू नका, दुसऱ्या खणात राहू द्या. बँकेचा ओटीपी त्याच क्रमांकावर येतो आणि व्हॉट्सअॅपचं खातंही त्याच क्रमांकाचं असतं. नवं सिम घातल्यावर व्हॉट्सअॅपने क्रमांक बदलायचा का असं विचारलं तर ‘नाही’ म्हणा. जुन्या क्रमांकावरचं खातं नव्या सिमच्या डेटावर चालतं.

बिलाच्या धास्तीने लोक भारतीय सिम काढतात. त्यासाठी त्या कार्डाचं डेटा रोमिंग बंद ठेवणं आणि त्यावर आलेले कॉल न उचलणं पुरेसं आहे. परदेशात येणारे एसएमएस आपल्या कंपन्यांकडे सहसा मोफत असतात. आपल्या कंपनीकडून खात्री करून घ्या. मात्र दोन कामं भारतातच उरकावी लागतात. आंतरराष्ट्रीय रोमिंगची सेवा चालू करून घ्यायची आणि रिचार्जची मुदत बघायची. आपल्याकडचे बरेच प्रीपेड पॅक 28 दिवसांचे असतात. निघायच्या दिवशी असा पॅक मारलात तर तो सांतियागोच्या अलीकडेच संपेल, आणि ओटीपी यायचा थांबला की पैसे काढतानाही अडचण येईल. किमान दोन-तीन महिन्यांच्या मुदतीचा रिचार्ज करूनच विमानात बसा.

गैरसमज 7: सिम नसेल, नेट नसेल तर वाट सापडणार नाही.

वस्तुस्थिती: फोनमधलं जीपीएस उपग्रहांचे संकेत नुसते ऐकतं. त्याला सिमही लागत नाही आणि डेटाही नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला असेल तर नेटवर्क नसतानाही तुमचा ठिपका वाटेवर बरोबर दिसतो.

आणि कामिनोवर फोनपेक्षा जुनी सोबत आहे. ओ सेब्रेइरो या डोंगरावरच्या खेड्यातले धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी 1980 च्या दशकात पिवळा रंग घेऊन दगडांवर, भिंतींवर, झाडांवर बाण काढायला सुरुवात केली. आज ते पिवळे बाण जवळजवळ प्रत्येक वळणावर भेटतात. त्यामुळे भरमसाट डेटाचा महागडा पॅक घ्यायची गरज नाही. दिवसा नकाशा उतरवलेला असतो, आणि संध्याकाळी बऱ्याच अल्बेर्गेंत वाय-फाय मिळतं. बँकेचे व्यवहार मात्र त्या सर्वांसाठी खुल्या वाय-फायवर करू नका, त्यासाठी स्वतःचा डेटा वापरा.

गैरसमज 8: काही झालं तर 112 आहेच, तो सिमशिवायही लागतो.

वस्तुस्थिती: 112 हा संपूर्ण युरोपीय संघाचा आपत्कालीन क्रमांक. तो मोफत आहे, आणि तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसेल तर फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून तो लावतो. पण सिम नसलेल्या फोनवरून तो सगळीकडे लागत नाही. फ्रान्स आणि जर्मनी असे कॉल स्वीकारत नाहीत. फ्रेंच वाटेचा पहिला, सर्वांत कठीण चढ फ्रान्समध्येच सुरू होतो, म्हणून त्या दिवशी फोनमध्ये चालू सिम असलंच पाहिजे. आणि जिथं कुठल्याच कंपनीचा टॉवर पोचत नाही, तिथं 112 सुद्धा लागत नाही. पिरेनीजमधली वरची वाट 1 नोव्हेंबर ते 31 मार्च बंद असते. ती बंदी फोनच्या भरवशावर मोडू नका.

मदत मागताना आपण कुठं आहोत हे सांगता आलं पाहिजे. गालिसिया प्रांतात वाटेकडेच्या दगडी खांबांवर सांतियागोचं उरलेलं अंतर तीन दशांश स्थळांपर्यंत कोरलेलं असतं. असा खांब गेला की त्याच्यावरचा आकडा ध्यानात ठेवत चला. अडचणीत तोच तुमचा पत्ता.

*

पायी चालणाऱ्याला सिमकार्ड लागतं ते तीन कामांसाठी: मुक्कामाला फोन करायला, संकटात मदत मागायला आणि घरी ख्यालीखुशाली कळवायला. त्यासाठी सर्वांत मोठा पॅक लागत नाही. लागतो तो मूळ पासपोर्ट, कागदावर लिहिलेला पिन, उतरवलेला नकाशा आणि मुदत न संपलेलं भारतीय सिम. यातलं जवळपास सगळं घरूनच होतं.

शेवटची विनंती घरच्यांसाठी. दिवसा चालणारा माणूस बॅटरी वाचवायला फोन बंद ठेवतो, कधी दरीत नेटवर्क नसतं. म्हणून रोजच्या निरोपाची वेळ निघण्यापूर्वीच ठरवून घ्या. उन्हाळ्यात स्पेन आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो: तिथं मुक्कामाला पोचून पाच वाजता केलेला मेसेज घरी रात्री साडेआठला येईल.