बाहेरचे खाणे : आमची खरी मते आणि थोडी माहिती

नातवाचा वाढदिवस असो की मुलाची बढती, हल्ली घरचे जेवण बाहेर होते आणि कुठे जायचे ते मुले ठरवतात. इंदुरात आता थाई, जपानी, इटालियन असे सगळे एकाच मेनूकार्डावर मिळते. तरुण मंडळी चवीने जेवतात आणि घरातले ज्येष्ठ "मला नको रे हे काही" म्हणत फ्रेंच फ्राईजची बशी पुढे ओढतात. एका टेबलावर बसूनही जेवण वेगळेच. यात चवीचा दोष कमी आणि माहितीची उणीव जास्त, असे आमचे मत झाले आहे.

आम्ही म्हणजे मंडळात संध्याकाळी जमणारी पाच-सहा निवृत्त जोडपी. त्यातली निम्मी शाकाहारी. महिन्यातून एकदा टीटीएमएम पद्धतीने जातो आणि एखादा नवा पदार्थ मागवतो. आमच्यात स्वयंपाकातला तज्ज्ञ कोणी नाही, तेव्हा ही मते साध्या खाणाऱ्याची समजावीत.

चायनीज

आपण ज्याला चायनीज म्हणतो ते बरेचसे भारतीयच आहे. कोलकात्यात स्थायिक झालेल्या हाक्का चिनी लोकांनी ते आपल्या जिभेला जुळवून घेतले. 'हाक्का नूडल्स' हे नाव त्यांच्यावरूनच आले. मंचुरियनचे श्रेय सहसा नेल्सन वाँग यांना देतात. त्यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये ते केले. आमचे मत असे की मंचुरियन कोरडेच घ्यावे. रश्शातली भजी दहा मिनिटांत लगदा होतात आणि खाली कॉर्नफ्लोअरचा चिकटा उरतो.

'शेजवान' हे नाव चीनच्या सिचुआन प्रांताचे. तिथल्या मिरीने जीभ किंचित बधिर होते. ही मिरी म्हणजे आपल्या कोकणी तिरफळाची चुलत बहीण, वनस्पतिशास्त्रात एकाच कुळीची. आपल्याकडच्या शेजवान चटणीत मात्र ती बहुधा नसते; लाल मिरची, लसूण आणि तेल एवढेच असते. ज्यांच्या आजीने तिरफळ घातलेली आमटी केली आहे, त्यांना खरी सिचुआन चव परकी वाटणार नाही.

थाई आणि ब्रह्मी

थाई हिरव्या करीचा रंग हिरव्या मिरच्यांचा. त्यात गवती चहाच्या जातीचे देठ, आल्यासारखे गलंगल आणि नारळाचे दूध असते. वास चांगला, पण तिखट नकळत चढते. ज्येष्ठांनी मसामान करी मागवावी. तिच्यात वेलदोडा, दालचिनी, लवंग, बटाटा आणि शेंगदाणे असल्याने ती आपल्या मसाल्याच्या जवळ जाते. आम्हा सर्वांना आवडलेला थाई पदार्थ हाच. पाड थाई म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवया. चव चिंच, ताडगूळ आणि शेंगदाण्याच्या कुटाची, म्हणजे आपलीच आंबटगोड. काही ठिकाणी मात्र स्वयंपाकी साखरेवर हात सैल सोडतो. घरात कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर हे दोन्ही पदार्थ टाळावेत.

ब्रह्मदेशातले खाओ सुए आम्ही पैकीच्या पैकी गुण देऊन पास केले. नारळाच्या दुधाचा रस्सा, त्याला दाटपणा बेसनाचा, आत नूडल्स आणि बाजूला तळलेला कांदा, लसूण, लिंबू अशा वाट्या. आपण पोह्यांवर शेव, कांदा, जिरावण घालून घेतो, तसेच हे ज्याने त्याने आपल्या चवीने सजवायचे.

जपानी

सुशी म्हणजे कच्ची मासळी, हा समज बरोबर नाही. सुशीची ओळख म्हणजे व्हिनेगर लावलेला भात. त्यात काकडी किंवा अ‍ॅव्होकाडोही चालते. नुसत्या कच्च्या मासळीला साशिमी म्हणतात. सोबतची हिरवी वसाबी खरी असण्याचा संभव कमी. बहुतेक ठिकाणी ती हॉर्सरॅडिश नावाचे मूळ, मोहरी आणि हिरवा रंग यांची असते. फेसलेल्या मोहरीची कोशिंबीर खाणाऱ्याला तो नाकात जाणारा झटका ओळखीचा आहे. तरी खरे सांगायचे तर सुशी पाहायला जितकी सुरेख, तितकी पोटभरीची नाही. सहा तुकडे पाच जणांत वाटून चव पाहावी आणि पुढे सरकावे.

पश्चिमेकडचे

हुमुस म्हणजे शिजवलेले काबुली चणे आणि तिळाचे वाटण. फलाफल म्हणजे भिजवलेल्या चण्यांचे तळलेले वडे. वाटल्या डाळीचे वडे खाणाऱ्या घरात याला कुणी नाक मुरडणार नाही. रिसोटोविषयी मात्र आमच्यात एकमत झाले नाही. सुनांना तो फार आवडला. आम्हा जुन्या मंडळींचे म्हणणे असे की मऊ भात, तूप आणि मेतकूट यांपुढे चीज घातलेल्या आसट भाताला एवढे पैसे देववत नाहीत.

शाकाहारींनी काय विचारावे

हा भाग महत्त्वाचा. ज्यांनी जन्मभर मासळी खाल्ली नाही, त्यांच्या ताटात ती रश्श्यातून येऊ नये. 'भाज्याच आहेत' एवढ्या उत्तरावर थांबू नये. मागवण्याआधी स्पष्ट विचारावे:

१. थाई पदार्थात फिश सॉस किंवा कोळंबीचे वाटण आहे का? फिश सॉस म्हणजे मासळी मिठात आंबवून काढलेला रस. मूळ थाई करीच्या वाटणात कोळंबी असतेच. शाकाहारी वाटण वेगळे करावे लागते.

२. चिनी भाज्यांत ऑयस्टर सॉस आहे का? हा कालवांचा अर्क.

३. जपानी मिसो सूपचे पाणी कशाचे? मिसो सोयाबीनचे असते, पण पाण्यात बहुधा सुकवलेली मासळी उकळलेली असते. कोरियन किमचीतही बहुतेक वेळा मासळी किंवा कोळंबी असते.

४. पास्त्यावर कोणते चीज? खरे इटालियन पार्मेझान वासराच्या जठरातील विरजणाने करतात. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याच्या चीजला ही अडचण नाही.

हे विचारण्यात संकोच नको. चांगल्या हॉटेलात वेटर आत जाऊन विचारून येतो. जिथे उत्तर टाळतात, तिथे तो पदार्थ मागवू नये.

रक्तदाब असणाऱ्यांसाठी एक आकडा : एका मोठ्या चमच्यात सोया सॉसचे सोडियम सुमारे ९०० मिलिग्रॅम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगितले आहे. सॉस बाजूला वाटीत मागवावा.

बिल

बँकेतली सवय सुटत नाही, म्हणून शेवटी बिलाविषयी. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के. सेवा शुल्क म्हणजे सर्व्हिस चार्ज हा कर नाही, तो ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशा सूचना काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. नको असल्यास नम्रपणे काढायला सांगावा. ऐकले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. सेवा आवडली तर वेटरच्या हातात आपल्या खुशीने द्यावे.

मुलांना एवढेच सांगणे की आजी-आजोबांपुढे मेनूकार्ड सरकवून गप्प बसू नका. कशात काय आहे ते सांगा आणि त्यांची ऑर्डर आधी घ्या. ज्येष्ठांनीही दर वेळी एक ओळखीचा आणि एक नवा पदार्थ मागवावा, तोही सर्वांत वाटून. नाही आवडला तर तसे मोकळेपणाने सांगावे, पण एक घास घेतल्यावर.