गुळाचं काम कोण करणार?

साखर न घालता गोडाचं काही करायचं ठरलं की लगेच शोध सुरू होतो तो ‘साखरेऐवजी काय’ याचा. खजूर आहे, मध आहे, गूळ तर आहेच, आणि मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या छोट्या पांढऱ्या गोळ्याही आहेत. मला हा शोध उलट्या टोकाने सुरू केल्यासारखा वाटतो. त्या भांड्यात साखर काय करत होती, हे आधी बघायला हवं. नुसती गोडी देत होती, की आणखी चार कामं निमूटपणे उरकत होती? कोरियात थंडीच्या दिवसांत होणाऱ्या लाल कडधान्याच्या पेजेवर हा प्रश्न चांगला तपासून बघता येतो. तिचा मूळ प्रकार पातजुक: अझुकी नावाचं बारीक लाल कडधान्य, तांदूळ आणि मीठ. वर्षातला सगळ्यात छोटा दिवस, म्हणजे २१ किंवा २२ डिसेंबर, तिकडे दोंगजी म्हणून पाळतात आणि त्या दिवशी ही पेज होते. तिच्यात चिकट तांदळाच्या पिठाच्या गोळ्या सोडतात. आपल्या वयाइतक्या गोळ्या खायच्या, असा संकेत. लाल रंगाने अशुभ दूर राहतं म्हणून पूर्वी ती घरात जागोजागी ठेवतही असत. या पेजेत कोणी मीठच घालून खातं, कोणी वरून साखर घेतं. साखर, दालचिनी, चेस्टनट घालून केलेली दानपातजुक हा तिचा गोड अवतार. म्हणजे बिनसाखरेची पेज ही कोणा आहारतज्ज्ञाने काढलेली पळवाट नाही, ती आधीपासूनच आहे.

इस्लापूरसारख्या गावात हे करायचं तर पहिली अडचण कडधान्याची. किनवट तालुक्यातलं, सहस्रकुंडच्या धबधब्याजवळचं हे गाव. इथल्या किराणा दुकानात अझुकी मागितली तर दुकानदार मोबाईलमधला फोटो बघून मान हलवणार. पण लाल चवळी मिळते, पैनगंगेपलीकडे विदर्भात जिला बरबटी म्हणतात ती. तडजोड म्हणून नव्हे, तर नातं बघूनही हीच निवड योग्य ठरते. अझुकी, चवळी, मूग, उडीद आणि मटकी ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने एकाच कुळीतली भावंडं. शिवाय जपानात, टोकियोच्या बाजूला, सणाच्या लाल भातात अझुकीऐवजी चवळीच घालायची जुनी पद्धत आहे. कारण मोठं मजेदार सांगतात: शिजताना अझुकीचं साल पोटाशी फुटतं, आणि पोट फाडून घेण्याची आठवण सामुराईंना नको असायची. चवळीचं साल जास्त टिकतं. फरक लपवण्यात अर्थ नाही. चवळीच्या पेजेला अझुकीची जांभळट झाक येत नाही, रंग विटकरी तपकिरीवर थांबतो, आणि वासही थोडा मातकट राहतो. पण शिजलेल्या दाण्याचा रवाळपणा दोघींचा सारखा, आणि या पेजेचा जीव त्या रवाळपणात आहे.

काम सुरू होतं ते पाणी फेकण्यापासून. धुतलेली चवळी भरपूर पाण्यात टाकून उघड्या भांड्यात उकळी आणायची, पाचेक मिनिटं खळखळू द्यायची आणि ते तांबूस, फेसाळ पाणी सरळ ओतून द्यायचं. ज्या घरात कट जपून ठेवतात आणि भाताच्या पेजेचाही थेंब वाया घालवत नाहीत, त्या घरात हे जिवावर येतं. पण ते पाणी एकदा जिभेवर घेऊन बघावं. तुरट, किंचित कडवट, घशाला ओढणारं. सालातली टॅनिन आणि फेस आणणारी सॅपोनिन यात उतरलेली असतात. पदार्थात वाटीभर गूळ पडणार असेल तर हा तुरटपणा गुळाखाली झाकून जातो, म्हणून पुष्कळजण ही पायरी गाळतात आणि काही बिघडतही नाही. गूळ नसेल तेव्हा मात्र झाकायला काहीच उरत नाही. साखरेचं पहिलं काम सापडतं ते इथे: ती कडधान्याचे दोष झाकत होती. तिला काढायचं तर दोषच आधी काढावे लागतात. कुकर वापरायला हरकत नाही, पण तो या पहिल्या पाण्यानंतर. झाकण आधीच लावलं तर तुरटपणा आतल्या आत दाण्यातच मुरतो.

दुसऱ्या पाण्याचा प्रश्न मराठवाड्यातल्या बायकांना सांगायला नको. बोअरचं जड पाणी असेल तर डाळ शिजता शिजत नाही, कारण त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्याच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं. पुरणाला गूळ डाळ शिजल्यावरच घालायचा, आधी घातला तर डाळ तशीच कडक राहते, हा घराघरातला नियमही याच गोष्टीतून आला आहे. गुळात कॅल्शियम असतं, थोडी आंबटी असते, आणि साखर स्टार्चला फुगू देत नाही. बिनसाखरेच्या पेजेत ही भीती नाही. पाणी गोडं मिळालं की चवळी निवांत शिजू द्यावी, अंगठा आणि करंगळी या सगळ्यात कमजोर जोडीत दाणा दाबला तरी त्याचं पीठ व्हावं इतकी. मग ती गाळायची. इथे मिक्सर हाताशी असतो आणि मोह होतो, पण पुरणयंत्र काढावं. शिजलेल्या चवळीच्या पेशी एकमेकींपासून सुट्या झालेल्या असतात, पण प्रत्येक पेशीची भिंत शाबूत असते आणि स्टार्च तिच्या आत कोंडलेला असतो. यंत्राच्या जाळीतून त्या अख्ख्या उतरतात, साल वर राहतं, आणि हाताला बारीक रवा लागावा तसा गर मिळतो. मिक्सरचं पातं त्या भिंती फोडतं. स्टार्च मोकळा होतो आणि पेज खळीसारखी चिकट होते. यात चवीइतकाच तब्येतीचाही भाग आहे, कारण पेशीत कोंडलेला स्टार्च पचायला वेळ लागतो, मोकळा झालेला भरभर पचतो. साखर टाळण्यासाठी एवढा खटाटोप करून तो मिक्सरच्या भांड्यात घालवणं म्हणजे शहाणपण नव्हे.

गाळलेला गर पाण्यासकट थोडा वेळ ठेवला की तळाशी गाळ बसतो आणि वर विटकरी पाणी निवळतं. कोरियन रीत अशी की भिजवलेले तांदूळ आधी या वरच्या पाण्यात शिजवायचे, ते फुलले की मग खालचा गर सोडायचा. आपल्याकडे पुरणाचं हेच पाणी आमटीकडे जातं, तिकडे ते त्याच भांड्यात परत येतं. क्रम उलटा केला तर दाट गर तळाला लागतो आणि तांदूळ कच्चा राहतो. गर पडल्यावर मात्र भांड्यापासून हलायची सोय नाही. लाकडी डावाने तळ खरवडत राहावं लागतं. पेज फदफदायला लागते, मोठे सुस्त बुडबुडे फुटतात आणि मनगटावर चटका देऊन जातात. डाव फिरवताना तळ क्षणभर उघडा दिसून पुन्हा झाकला जायला लागला की पेज झाली. मीठ शेवटी, आणि तेही बेताने: कडवटपणा दबावा आणि दाण्याची अंगची गोडी वर यावी इतकंच. वरून दालचिनीची पूड आणि तिकडच्या चिलगोज्यांच्या जागी चारोळ्या.

आता पहिला आक्षेप. एवढं कशाला, सरळ चार खजूर वाटून घाला, नाहीतर मोह घाला. मोहाचा आक्षेप या भागात मला गंभीर वाटतो. किनवटच्या जंगलपट्ट्यात मोहफुलं वेचणं, वाळवणं आणि खाणं जुनं आहे. २०२१ मध्ये राज्य सरकारने त्यांच्या संकलनावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवल्यावर त्यांचे लाडू आणि जॅम करायलाही लोक पुढे आले आहेत. वाळलेलं फूल चवळीबरोबर शिजलं तर पेज झकास होईल, यात मला शंका नाही. पण तिला बिनसाखरेची म्हणू नये. मोहाची आणि खजुराची गोडी साखरेचीच असते. गूळ तर उसाचाच. जागतिक आरोग्य संघटना मधालाही मोकळ्या साखरेत धरते, आणि तिने १५ मे २०२३ रोजी वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडी वापरू नये असंही सुचवलं. मधुमेह असलेल्यांना ती सूचना लागू नव्हती. खरं तर कायद्याच्या भाषेत आपली पेजही ‘शुगर फ्री’ ठरेलच असं नाही. तो शब्द छापायला १०० ग्रॅममागे अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही, आणि चवळीच्या कोरड्या दाण्यातच मुळात काही ग्रॅम साखर असते. मला ही गोष्ट अडचणीची वाटत नाही, पुराव्याची वाटते. दाण्यात साखर आहे म्हणूनच तर ती जिभेपर्यंत पोचवण्याची धडपड.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: गूळ नाही, तिखट नाही, मग ही पेज आहे तरी काय? आजाऱ्याचं अन्न? आपल्याकडे कडधान्याला दोनच वाटा, आमटी नाहीतर पुरण. मध्ये कोण थांबतं? पण मध्ये साधं वरण थांबतं. मराठवाड्यात तुरीच्या साध्या वरणात बऱ्याच घरी हळद, मीठ आणि वरून तूप यापलीकडे काही नसतं, आणि ते गोडच लागतं; दात न आलेलं मूल ते आवडीने खातं. म्हणजे डाळीची अंगची गोडी ओळखणारी जीभ आपल्याकडे आहेच, फक्त ती ताटाच्या गोड बाजूला वापरायची सवय नाही. बिनसाखरेची पेज खीर समजून तोंडात घेतली तर ती फसवणूक वाटणार, वरणाच्या बाजूने तिच्याकडे गेलं तर ती लगेच ओळखीची होते. पुरणावर वाढलेल्या पोराला ती पहिल्या घासाला आवडेल असा दावा मी करणार नाही.

पेजेतल्या पिठाच्या गोळ्यांबद्दलचा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. साखर काढायची आणि तांदळाच्या पिठाचे गोळे सोडायचे, हे मधुमेह्याच्या हिशोबाने एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेणं आहे. साठीतल्या माणसाने वयाइतक्या गोळ्या खाल्ल्या तर डॉक्टर काय म्हणतील ते वेगळं सांगायला नको. कोरड्या चवळीतही ६० टक्क्यांच्या आसपास कर्बोदकं असतात. तिची बाजू सावरतात ती त्यातले तंतू आणि पाव हिश्श्याच्या जवळपास जाणारी प्रथिनं. म्हणून पेजेत तांदूळ मूठभर, गोळ्या चार-पाच, आणि त्या ज्वारीच्या पिठाच्या. लातूरकडे वेळ अमावस्येला, साधारण याच थंडीच्या दिवसांत, कडधान्यांच्या भज्जीबरोबर बाजरी-ज्वारीचे उंडे होतात. वरणफळं तर सगळीकडेच. कडधान्याच्या दाट रसात पिठाचा गोळा शिजवणं इथल्या हाताला नवं नाही. ज्वारीला चिकट तांदळाचा लवचिकपणा नाही, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात उकड काढून मळावं, नाहीतर गोळे पेजेत विरघळतात.

साखर गेल्याची एक किंमत अशी आहे की तिला उत्तर नाही. बरोबरीचा गूळ घातलेलं पुरण दोन दिवस राहतं. ही पेज नांदेडच्या उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबते. थंडीत टिकते, पण रात्रभरात आळून वडीसारखी घट्ट होते, कारण निवलेल्या स्टार्चला आवळण्यापासून रोखायला साखर नसते. कोमट पाणी घालून ती पुन्हा सैल करता येते, पहिल्या दिवसाचा मऊपणा काही येत नाही. दालचिनी वरून घातली आहे, आत नाही, हे तेव्हा कामाला येतं. सकाळी तिच्यावर लसूण-जिऱ्याची फोडणी आणि काळं तिखट घातलं की भाकरीबरोबरची आमटी तयार होते, आणि उरलेल्या गोळ्या तिच्यात तशाच चालतात.