हवालदार : हवाली केलेल्या गोष्टीचा धनी

भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये दुर्ग जिल्ह्याच्या पोलिसांचा नियंत्रण कक्ष आहे, आणि तेथे बाहीवर तीन फितींची खूण लावून काम करणाऱ्या कर्मचाऱ्याचे कागदोपत्री पद ‘प्रधान आरक्षक’ असे असले, तरी पोलाद कारखान्याच्या वसाहतीत राहणारा माणूस, तो छत्तीसगढी असो की विदर्भातून येऊन स्थायिक झालेला मराठी, त्याला हवालदार किंवा हवलदारच म्हणतो. सरकारी परिभाषेने बाजूला सारलेला हा शब्द लोकांच्या तोंडी टिकून राहिला आहे, आणि त्याच्या पोटात दोन निरनिराळ्या लष्करी परंपरा एकत्र आलेल्या आहेत. फितींची खूण युरोपातून आली, तर नाव दख्खनच्या गडकोटांवरून आले.

लष्करी अधिकारपदांचे दोन मोठे वर्ग पडतात. ज्याला राष्ट्रप्रमुखाच्या नावाने नेमणुकीची सनद मिळते तो सनदी अधिकारी, आणि जो शिपाई म्हणून भरती होऊन अनुभवाच्या बळावर वर चढतो, पण ज्याच्याजवळ अशी सनद नसते, तो बिनसनदी अधिकारी. युरोपात या दुसऱ्या वर्गाचे मूळ पुष्कळ मागे जाते. रोमन सैन्यात शंभराच्या आसपास माणसांच्या तुकडीवर सेंचुरियन असे आणि त्याच्या हाताखाली ऑप्टिओ नावाचा दुय्यम असे. मात्र आज प्रचलित असलेली नावे मध्ययुगातली आहेत. ‘सार्जंट’ हा शब्द सेवा करणारा या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून जुन्या फ्रेंचमार्गे आला, आणि मध्ययुगात जो उमराव घराण्यातला सरदार नव्हे पण शस्त्र धरून त्याच्या सोबत लढतो, अशा माणसाला तो लावला जाई. ‘कॉर्पोरल’चे नाते इटालियन भाषेतल्या प्रमुख या अर्थाच्या शब्दाशी आहे. म्हणजे सार्जंट हा नावापुरता सेवक. अधिकार त्याच्याकडे पुढे हळूहळू आला.

तो अधिकार वाढला याचे कारण बंदुकीच्या लढाईत सापडते. सतराव्या आणि अठराव्या शतकांत पायदळ लांबलचक रांगांत उभे राहून एकाच वेळी गोळ्यांची सरबत्ती करी, आणि रांग वाकडी झाली किंवा मधली जागा मोकळी पडली, की सारी रचनाच कोलमडे. सनदी अधिकारी संख्येने थोडे असत, म्हणून रांगेच्या मागे आणि कडेला सार्जंट उभा केला गेला. इंग्रज सार्जंटच्या हाती हॅल्बर्ड, म्हणजे लांब दांड्यावर कुऱ्हाडीचे पाते आणि भाल्याचे टोक बसवलेले शस्त्र असे, त्याने तो शत्रूवर क्वचितच वार करी, पण त्याचा दांडा आडवा धरून रांग सरळ करी. शिपायाला फटक्यांची शिक्षा द्यायची झाली तर असेच हॅल्बर्ड एकत्र बांधून तिकाटणे उभे करीत आणि त्याला तेथे जखडीत. एकाच शस्त्राने शिस्तही लावली जाई आणि शिक्षाही दिली जाई, यातच त्या काळच्या युरोपीय सार्जंटचे पुरते चित्र आहे. हॅल्बर्डचा वापर १७९२ मध्ये बंद झाला, आणि १८०२ मध्ये ब्रिटिश सैन्यात बाहीवरच्या कोनाकृती फितींची पद्धत आली : सार्जंटला तीन, कॉर्पोरलला दोन.

दख्खनमधल्या हवालदाराचा उगम याहून वेगळा आहे, आणि ही गोष्ट मराठी वाचकाने मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे. अरबी ‘हवाला’ म्हणजे सोपवलेली गोष्ट आणि फारसी ‘दार’ म्हणजे धारण करणारा. ज्याच्या हवाली काही केले आहे तो हवालदार. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारी भाषेतून हा शब्द मराठीत आला आणि स्वराज्याच्या कारभारात त्याला अनेक जागा मिळाल्या. तरफेचा, म्हणजे काही गावे मिळून होणाऱ्या मुलुखाचा वसूल पाहणारा हवालदार निराळा, गडाचा निराळा आणि फौजेतला निराळा. १६९०च्या दशकात जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने लिहिलेल्या बखरीत फौजेची रचना दिली आहे : घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमलेदारांवर एक हजारी. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर चाकरी करणारा स्वार. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद दिलेला असे. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा माणूस हवालदाराच्या तुकडीच्या मापानेच नेमला गेला, यावरून हे पद प्रत्यक्ष कामाच्या हिशोबाने आखलेले होते, हे दिसते. पायदळात सर्वांत खालचा नायक, आणि पाच नायकांवर हवालदार.

गडावरचा हवालदार मात्र आजच्या अर्थाने बिनसनदी अधिकारी नव्हता. तो किल्ल्याचा मुख्य होता, आणि तरीही एकटा नव्हता. त्याच्या जोडीला हजेरी व हिशेब पाहणारा सबनीस आणि गडाच्या शिबंदीवरचा सरनौबत असे, तिघांचा दर्जा सारखा धरला जाई, कोठाराचा जमाखर्च कारखानिसाकडे असे, आणि कोणा एकाच्या फितुरीने गड जाऊ नये हाच या वाटणीचा हेतू होता. किल्ल्याच्या किल्ल्या हवालदाराजवळ असत. सूर्यास्ताला दरवाजे बंद करणे, अडसर नीट बसला की नाही हे स्वतः ढकलून पाहणे आणि सूर्योदयाला दरवाजे उघडणे हे त्याचे रोजचे काम होते, आणि किल्ल्या दुसऱ्याच्या हाती द्यायच्या नाहीत असा दंडक होता. ‘हवाली करणे’ या मराठी वाक्प्रचारातला सारा भार त्या अंधारात अडसर चाचपणाऱ्या हातात आहे. युरोपातल्या सार्जंटचे नाव सेवेवरून पडले आणि मराठी हवालदाराचे विश्वासावरून. हा फरक केवळ व्युत्पत्तीचा आहे असे म्हणून सोडून देणे योग्य होणार नाही.

ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकात देशी शिपायांच्या पलटणी उभ्या केल्या तेव्हा रचना युरोपीय ठेवली आणि नावे इथली घेतली. सुभेदार, जमादार, हवालदार, नायक आणि शिपाई अशी उतरंड ठरली. त्यात हवालदार सार्जंटच्या आणि नायक कॉर्पोरलच्या जागी बसला, आणि घोडदळात हवालदाराच्या बरोबरीचे पद दफेदार झाले. मराठा राज्यात ज्या सुभेदाराच्या हाती प्रांताचा कारभार असे, तो आता कितीही वर्षे चाकरी केली तरी नवख्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या खालीच राहिला. शब्द तेच राहिले, पण त्यांतली सत्ता काढून घेतली गेली. या नामकरणाकडे देशी परंपरेचा गौरव म्हणून पाहणारे लेखन पुष्कळ आहे. त्यातली ही वजाबाकीही सांगितली पाहिजे.

आज भिलाई ज्या भागात आहे तो मुलूख या दोन्ही काळांतून गेलेला आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली रतनपूरवर चढाई केली, बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ या काळात छत्तीसगढचा कारभार पाहिला, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा प्रदेश इंग्रजांच्या थेट अमलाखाली गेला. पुढच्या चार वर्षांतच, भिलाईपासून सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या रायपूरच्या छावणीत सार्जंट आणि हवालदार ही दोन्ही पदे समोरासमोर आली. १८ जानेवारी १८५८ च्या संध्याकाळी तिसऱ्या पलटणीतला हनुमानसिंह, जो दारूगोळ्याच्या कोठारावरचा लष्कर, म्हणजे तेथील सामान हाताळणारा चाकर होता, त्याने सार्जंट-मेजर सिडवेलला त्याच्या घरात शिरून ठार केले आणि छावणीतल्या शिपायांना उठावाची हाक दिली. उठाव काही तासांतच मोडला. हनुमानसिंह इंग्रजांच्या हाती कधीच लागला नाही, परंतु २२ जानेवारीला सतरा जणांना उघड्यावर फाशी देण्यात आले. त्यांत गोलंदाज आणि शिपाई होते, आणि गाझी खान नावाचा एक हवालदार होता. सार्जंट-मेजर हा पलटणीच्या शिस्तीचा प्रत्यक्ष रखवालदार, म्हणून पहिला घाव त्याच्यावर पडला, आणि हवालदार हा शिपायांचा सर्वांत जवळचा वडीलधारा, म्हणून फाशीच्या यादीत तो आला, असे या घटनेकडे पाहता येते.

विसाव्या शतकातल्या युद्धांत लहान तुकडीचे महत्त्व आणखी वाढले. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या यशवंत घाडगे या बावीस वर्षांच्या नायकाची संपूर्ण तुकडी मशिनगनच्या माऱ्यात मारली गेली किंवा जायबंदी झाली. तेव्हा त्याने एकट्याने धाव घेऊन हातबॉम्बने ती मशिनगन बंद पाडली, शेवटच्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवले, आणि शत्रूच्या लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी तो पडला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या क्षणी हुकूम देणारा तो होता आणि हुकूम ऐकायला कोणी उरले नव्हते. नायकाने काय करायचे याचा निर्णय त्याने स्वतःच घेतला.

स्वतंत्र भारताच्या पायदळात हवालदार तीन, नायक दोन आणि लान्स नायक एक फीत लावतो. कंपनीचे सामान सांभाळणाऱ्याला क्वार्टरमास्टर हवालदार म्हणतात. १९६५ च्या युद्धात खेमकरणजवळ पाकिस्तानी रणगाडे फोडून परमवीरचक्राचा मानकरी ठरलेला अब्दुल हमीद याच पदावर होता. पोलीस खात्यात हे नाव लष्करातून उतरले, आणि मराठीत तर ते इतके घरगुती झाले की १९७५ मध्ये दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ या चित्रपटाला शीर्षकात पदाची ओळख करून देण्याची गरज पडली नाही. या लोकप्रियतेत गडाच्या किल्ल्या मात्र विसरल्या गेल्या.

त्या किल्ल्यांचा वारसा पोलीस ठाण्यातल्या मालखान्यात अजूनही दिसतो. मालखाना म्हणजे गुन्ह्यात जप्त केलेला माल खटला संपेपर्यंत ठेवण्याची खोली; मध्य भारतातल्या ठाण्यांत तिचा ताबा बहुधा प्रधान आरक्षकाकडे असतो, आणि मोहरबंद पुडीत काय आहे, कोणत्या गुन्ह्यातले आहे व न्यायालयात कधी नेले याची नोंद तोच वहीत ठेवतो. त्याची बदली झाली, की नव्या माणसापुढे एकेक वस्तू वहीशी पडताळली जाते, आणि दोघांच्या सह्या झाल्यावरच खोलीची किल्ली दुसऱ्याच्या हवाली होते.