बगळ्याला गोरं करू नका!

मागच्या दिवाळीत देवणीला गेले होते. सोयाबीन निघालं होतं आणि हरभऱ्यासाठी रान तयार करणं चालू होतं. ट्रॅक्टरच्या मागे काळीभोर माती उलथून पडत होती आणि तिच्यातले किडे टिपायला वीस-पंचवीस गायबगळे मागे मागे धावत होते. काळ्या रानात ते पांढरे पक्षी इतके देखणे दिसत होते, की मी मोबाइल काढून धडाधड फोटो घेतले. संध्याकाळी मोठ्या हौसेने जाऊबाईंना दाखवले. त्यांनी चष्मा लावला, फोटो जवळ धरला आणि म्हणाल्या, "अगं, ह्यात बगळा कुठंय? कापसाचं बोंड लटकल्यागत दिसायलंय की!"

खरंच होतं ते. चोच होती, पाय होते, पण मध्ये नुसता पांढरा ठिपका. एक पीस दिसेल तर शपथ! त्यावर मी आणखी शहाणपणा केला. बगळा जरा खुलावा म्हणून फोटोतला उजेड वाढवला. तेव्हा तो पार पुसूनच गेला.

मैत्रिणींनो, असं का होतं ते नंतर कळलं. समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी रंगाचं आहे, असं धरून कॅमेरा उजेड ठरवतो. समोर काळं रान असलं की त्याला वाटतं, इथे अंधार आहे. तो उजेड वाढवतो आणि त्यात बिचारा बगळा करपतो. उलट, पांढुरक्या आभाळात उडणारा बगळा टिपला, तर तोच पक्षी मळकट, काळपट येतो. आजचे मोबाइल हुशार झाले आहेत खरे, पण लांबवरच्या एवढ्याशा पक्ष्यापाशी तेही फसतात.

उपाय फोटो काढतानाच करायचा. पडद्यावर बगळ्याला बोटाने टिचकी मारा. बऱ्याच मोबाइलवर शेजारी छोटासा सूर्य दिसतो, तो थोडा खाली ओढा. फोटो जरा काळोखा येईल, येऊ द्या. भाजीतल्या मिठासारखं आहे हे. कमी पडलं तर वरून घालता येतं, जास्त पडलं की काढता येत नाही. फोटोत जिथे पांढरं पार करपलं, तिथे पिसाची रेघ उरलेलीच नसते. मग कितीही एडिटिंग करा, ती परत येत नाही.

आता एडिटिंग. स्नॅपसीडसारखं फुकट मिळणारं ॲप पुरतं. पहिलं काम, 'हायलाइट्स'ची पट्टी मागे आणा. फोटोतला सगळ्यात उजळ भाग तेवढा खाली बसतो आणि पंखांच्या घड्या दिसू लागतात. दुसरं, 'सिलेक्टिव्ह' नावाच्या सोयीने बगळ्यावर टिंब ठेवून फक्त त्याचाच उजेड कमी-जास्त करता येतो, रान आहे तसं राहतं. तिसरं काम रंगाचं. संध्याकाळच्या उन्हात पांढरं पिवळं दिसतं. आपण पांढऱ्या कपड्याला नीळ घालतो ना, तसाच फोटोला थोडा निळेपणा द्यायचा. पण नीळ जास्त झाली की धोतराचं काय होतं, ते तुम्हाला सांगायला नकोच!

मात्र प्रत्येक पिवळेपणा धुवायचा नसतो. पावसाळ्याच्या सुमारास, विणीच्या दिवसांत, गायबगळ्याचं डोकं, मान आणि पाठ केशरी-सोनेरी होते. मळ समजून तुम्ही तो रंग काढलात, तर पक्ष्याचा साजच उतरवलात म्हणायचं. पांढरा म्हणजे नुसता पांढरा नसतोच. आमच्याकडे देवणी बैलांतसुद्धा पूर्ण पांढरा तो बालंक्या, तोंडाला काळा तो वानेरा आणि अंगावर काळे ठिपके असलेला तो शेवरा. बाजारातला जाणकार लांबूनच ओळखतो.

मागच्या बॅकग्राउंडचंही तसंच. ते थोडं गडद करा, पक्षी उठून दिसेल. पण रानाच्या जागी भलतंच निळं तळं आणून चिकटवू नका. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची वन्यजीव फोटोंची मोठी स्पर्धा असते. तिथे उजेड-रंग थोडे सावरलेले चालतात, पण चित्रात काही घालायला किंवा काढायला मनाई आहे. बगळ्यामागे ट्रॅक्टर असला तर असू दे. तो आमच्या रानातला बगळा आहे!

आपण ज्या पिसांची रेघ वाचवायला धडपडतोय, त्यांच्यापायी एके काळी लाखो बगळे मेले. विणीच्या काळात काही जातींच्या बगळ्यांना येणारी तलम पिसं युरोप-अमेरिकेत बायकांच्या टोप्यांवर मिरवायची, म्हणून पक्षी घरट्यावरच मारले जात आणि पिल्लं उपाशी मरत. १८९६ मध्ये बोस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या दोघींनी मैत्रिणींना चहाला बोलावलं आणि पिसांच्या टोप्या सोडायला लावलं. त्यातून तिथली पक्षी वाचवणारी ऑडुबॉन सोसायटी उभी राहिली. आपल्याकडून पिसं परदेशी पाठवायला १९०२ मध्ये इंग्रज सरकारने बंदी घातली. नटण्यासाठी सुरू झालेलं ते वेड थांबवायलाही बायकाच पुढे आल्या.

शेवटी एक घरची गोष्ट. माझ्या लग्नाआधी स्थळांना पाठवायला फोटो काढला होता. "ताई, जरा उजळ करून देतो," म्हणत स्टुडिओवाल्याने गालावरच्या तिळासकट माझा चेहराच धुऊन टाकला. बघायला आल्यावर सासूबाईंनी आईला विचारलं होतं, "फोटोतली मुलगी कोणती?" सगळे हसले. मीही हसले. पण ते वाक्य अजून विसरले नाही.

परवा जाऊबाईंच्या लेकीचा फोटो एका स्थळाला पाठवायचा होता. पोरीने सवयीने उजेडाची पट्टी पुढे सरकवली. मी ती हळूच मागे आणली, अगदी बगळ्याची आणते तशी. सावळा रंग परत आला, हसताना गालावर पडणारी खळी परत आली.

जाऊबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला. म्हणाल्या, "हां, आता आपली पोरगी दिसायलीय."