चार दिवसांचा पास आणि मधोमध सेवाग्राम

एसटी स्थानकात पासाच्या खिडकीवर विद्यार्थ्यांची आणि रोज ये-जा करणाऱ्या नोकरदारांची रांग असते. त्याच यंत्रणेतून आणखी एक पास मिळतो आणि त्याची माहिती अनेकांना नसते. त्याचं नाव ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’. १९८८ पासून महामंडळ हा पास देतं आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास घ्यायचा आणि तेवढे दिवस महाराष्ट्रात हव्या त्या गावाला हव्या तितक्या वेळा एसटीने जायचं, असा त्याचा सरळ हिशेब. हा पास हातात घेऊन वर्ध्याजवळचं सेवाग्राम आणि त्याच्या भोवतालचा मुलूख कसा पाहता येईल, कोणाला तो परवडेल आणि कोणी त्याच्या वाटेला जाऊ नये, हे नीट समजून घेऊ.

परदेशी शहरांतले पर्यटक-पास आता आपल्याकडच्या प्रवाशांना ठाऊक झाले आहेत. पॅरिसचा म्युझियम पास दोन, चार किंवा सहा दिवसांचा असतो. त्यावर संग्रहालयांत प्रवेश मिळतो, पण मेट्रोचं तिकीट वेगळं काढावं लागतं. लिऑन शहराच्या कार्डात संग्रहालयं आणि मेट्रो-बस दोन्ही येतात. एसटीचा पास पॅरिसच्या बरोबर उलटा आहे. तो फक्त प्रवासाचा आहे, कोणतंही दार तो उघडून देत नाही. सेवाग्रामच्या बाबतीत त्याने काही बिघडत नाही. सेवाग्राम आश्रमाला प्रवेशशुल्क नाही, पवनारच्या विनोबांच्या आश्रमालाही नाही, वर्ध्याच्या गीताई मंदिरालाही नाही. इथे खर्च होतो तो येण्याजाण्याचा आणि राहण्याजेवणाचा. म्हणून निव्वळ प्रवासाचा पास इथे शोभून दिसतो.

आता पासाचे नियम. पास सेवेच्या प्रकारानुसार मिळतो: साध्या बसचा वेगळा, शिवशाहीचा वेगळा, विजेवरच्या ई-शिवाईचा वेगळा. वरच्या सेवेचा पास खालच्या सेवेत चालतो, साध्याचा पास घेऊन शिवशाहीत बसता येत नाही. विदर्भाच्या आतल्या भागात फिरायचं तर साध्या बसचाच पास घ्यावा, कारण तालुक्यातालुक्यांना जोडणारी लालपरीच आहे. प्रवासाच्या दहा दिवस आधीपासून पास काढून ठेवता येतो. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मा दर. पास दुसऱ्याला देता येत नाही आणि हरवला तर दुसरा मिळत नाही. पास म्हणजे जागेची हमीही नव्हे. लांबच्या गाडीत बसायला जागा हवीच असेल, तर आरक्षणाचा आकार वेगळा भरून ती धरून ठेवावी. रात्रीच्या गाडीसाठी तरी हे कराच.

सगळ्यात महत्त्वाचा नियम दिवस मोजण्याचा. पॅरिसचा पास पहिल्या प्रवेशापासून तास मोजतो. सकाळी अकराला सुरू केला तर शेवटच्या दिवशीही अकरापर्यंत चालतो. एसटीचा दिवस मात्र मध्यरात्री बारा ते मध्यरात्री बारा. सोमवारपासूनचा पास घेऊन सोमवारी रात्री नऊच्या गाडीत बसलात, तर अख्खा सोमवार वाया गेला. आणि शेवटच्या दिवशी रात्रीच्या गाडीने परत निघालात, तर बारानंतरच्या प्रवासाचं तिकीट काढावं लागतं. थोडक्यात, चार दिवसांच्या पासात रात्री तीनच येतात. पहिल्या दिवशी पहाटेची गाडी धरायची आणि चौथ्या दिवशी रात्री बाराच्या आत घर गाठायचं, असं बसवलं तरच पैसे पुरेपूर वसूल होतात.

आता पैशांचं गणित. पासाचे दर महामंडळ वेळोवेळी बदलतं, म्हणून आजचा दर आगारातच विचारावा. गणिताची रीत मात्र बदलत नाही. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारलं जातं. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या बसचा एक टप्पा साधारण दहा रुपयांचा झाला. पासाच्या किमतीला दहाने भागा आणि सहाने गुणा. जो आकडा येईल, तेवढे किलोमीटर प्रवास केल्यावर पास फुकट झाला म्हणायचा. समजा पास पंधराशे रुपयांचा आहे. म्हणजे दीडशे टप्पे, म्हणजे नऊशे किलोमीटर. चार दिवसांत नऊशेच्या वर जाणार असाल तर पास घ्यावा, नाहीतर साधं तिकीट स्वस्त.

या गणितात एक गोष्ट हमखास विसरली जाते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्यांना अर्ध्या भाड्यात. म्हणजे वरच्याच उदाहरणात बाईमाणसाने अठराशे किलोमीटर प्रवास केला तर कुठे पास फिटेल. चार दिवसांत ते होत नाही, आणि करूही नये. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी असं कुटुंब निघालं असेल, तर नवऱ्यापुरता आणि फार तर मुलांपुरता पासाचा विचार करावा, बायकोने अर्धं तिकीट काढावं आणि आजीने ओळखपत्र दाखवून बसावं. सगळ्यांनी मिळून एकाच प्रकारचा पास घेण्यात घरचेच पैसे जातात.

मग सेवाग्रामसाठी हा पास कोणाच्या कामाचा? वर्धा नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर आहे. नागपूरकर, यवतमाळकर आणि अमरावतीकर यांनी पासाचं नाव काढू नये. सकाळी तिकीट काढून यावं आणि मुक्काम करून परत जावं. पुण्या-मुंबईकरांनाही मी आधी रेल्वेच सुचवेन. वर्धा जंक्शन मुंबई-हावडा मार्गावर आहे आणि मुंबई-नागपूर ‘सेवाग्राम एक्स्प्रेस’ तिथे थांबते. दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या स्टेशनाला, म्हणजे पूर्वीच्या ‘वर्धा पूर्व’ला, आता सेवाग्राम म्हणतात. तिकीट काढताना दोन्ही नावं डोक्यात ठेवावीत. पास खरा उपयोगी पडतो तो मराठवाडा, खानदेश आणि पश्चिम विदर्भाच्या टोकाच्या लोकांना, आणि ज्यांना सेवाग्रामबरोबर आणखी चार ठिकाणं एका फेरीत जोडायची आहेत त्यांना.

छत्रपती संभाजीनगरहून निघणाऱ्यासाठी चार दिवसांची फेरी अशी बसवता येते. वर्धा इथून चारशे किलोमीटरच्या वर आहे. पहिल्या दिवशी पहाटे निघून जालना, मेहकर, कारंजा अशा गाड्या बदलत संध्याकाळी वर्ध्याला पोचायचं. थेट गाडीची वाट बघत तीन तास बसण्यापेक्षा पुढच्या मोठ्या गावापर्यंतची गाडी पकडावी. पास असला की गाडी बदलताना दर वेळी तिकीट काढावं लागत नाही. पासाचा हा फायदा मला पैशांइतकाच मोलाचा वाटतो. वर्ध्याहून सेवाग्राम आठेक किलोमीटर. एसटी असेल तर पासावर जा, नसेल तर शेअर रिक्षा करा. रिक्षावाल्याला पास दाखवून उपयोग नाही. मुक्काम आश्रमासमोरच्या यात्री निवासात, आधी कळवून.

दुसरा दिवस पूर्ण सेवाग्रामचा. त्या दिवशी पासाचा एक पैसाही वसूल होणार नाही आणि तसं झालेलंच बरं. पास खिशात असला की माणसाला वाटतं, आता जास्तीत जास्त फिरलं पाहिजे. आश्रमात अर्धा तास काढून, फोटो घेऊन, लगेच पवनारला पळणारे लोक रोज दिसतात. सेवाग्राम अर्ध्या तासात दिसत नाही.

गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी या गावात आले. तेव्हा गाव शेगाव होतं. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागला, म्हणून १९४० साली सेवाग्राम हे नाव ठेवलं गेलं. आधी बघावं ते आदिनिवास. ही आश्रमातली पहिली इमारत. एकाच मोठ्या खोलीत गांधीजी, कस्तुरबा आणि आलेगेलेले पाहुणे राहत. खान अब्दुल गफारखान इथे राहिले, तुकडोजी महाराजही राहिले. इतक्या माणसांच्या गर्दीत कस्तुरबांना आडोसा नव्हता, म्हणून शेजारी बा-कुटी बांधली गेली. ती खोली किती लहान आहे ते उंबऱ्याशी उभं राहून बघावं.

बापू-कुटी मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची. त्यांनी स्वतःसाठी बांधलेली ही झोपडी पुढे गांधीजींसाठी वाढवली. चपला बाहेर काढून वाकून आत जायचं. भिंती मातीच्या, वर कौलं, खाली चटई. भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा आहेत, तेही मीराबेनच्या हातचे. ते उठाव इतके पुसट आहेत की उन्हातून एकदम आत आलेल्याला दिसतच नाहीत. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबायचं, मग ताडाची पानं एकेक करून दिसू लागतात. सोबत मुलं असतील तर त्यांना साप पकडण्याचा लाकडी चिमटा आणि पेटी दाखवा. साप न मारता धरून लांब सोडून देत. आश्रमाच्या कचेरीत टेलिफोनची छोटी खोली आहे. व्हाइसरॉयशी तातडीने बोलता यावं म्हणून हा फोन बसवला होता. मातीच्या घरात राहणाऱ्या माणसाशी बोलण्यासाठी साम्राज्याला तारा ओढाव्या लागल्या. तिथे उभं राहिल्यावर शाळेतला इतिहास वेगळाच वाटू लागतो.

परचुरे-कुटी चुकवू नये. परचुरे शास्त्री हे संस्कृतचे पंडित, त्यांना कुष्ठरोग झाला होता. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि स्वतः त्यांची मालिश केली. संध्याकाळची सर्वधर्म प्रार्थना मोकळ्या अंगणात होते, पिंपळाच्या जवळ. तिथे बसल्याशिवाय सेवाग्राम पाहिलं असं म्हणू नये. फ्रान्सची गोष्ट निघालीच आहे, तर सांगायला हवं: लान्झा देल वास्तो हा लेखक १९३७ साली गांधीजींकडे आला, शांतिदास हे नाव घेऊन परतला आणि पुढे फ्रान्समध्ये त्याने ‘आर्क’ नावाची श्रमावर आणि अहिंसेवर चालणारी वसाहत उभारली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पवनार. वर्धा-नागपूर रस्त्यावर धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. १९३८ पासून ते इथे राहिले आणि १७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात त्यांनी इथूनच केली. १९५९ मध्ये स्त्रियांसाठी ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झालं. शेत खणताना सापडलेलं भरत-राम भेटीचं शिल्प इथे आहे. हे गाव म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर असं काही अभ्यासक मानतात, म्हणून जमिनीतून मूर्ती निघणं नवलाचं नाही. परतताना वर्ध्यात दोन ठिकाणं: मगनवाडीतलं मगन संग्रहालय, ज्याचं उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी केलं, आणि गोपुरीचं गीताई मंदिर. गीताईचे श्लोक कोरलेल्या शिळा उघड्या आभाळाखाली उभ्या आहेत, मंदिराला छत नाही. लक्ष्मीनारायण मंदिर वाटेतच लागतं. जमनालाल बजाजांनी ते जुलै १९२८ मध्ये अस्पृश्यांना खुलं केलं.

दुपारी पास पुन्हा कामाला लावा. वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोरा. बाबा आमटे हिंगणघाटचे, आणि वरोऱ्याचं आनंदवन त्यांनी उभारलं. सेवाग्रामात परचुरे-कुटी पाहिलेल्या माणसाला आनंदवनात कुष्ठरोगातून बरे झालेले लोक शेती आणि कारखाने चालवताना दिसले, की एकाच कामाचे दोन टप्पे पाहिल्यासारखं होतं. आनंदवनात राहायचं तर आधी विचारून जावं. नाहीतर रात्रीपर्यंत वर्ध्याला परत या आणि चौथ्या दिवशी पहाटे घरची वाट धरा. जाणं-येणं आणि वरोऱ्याची फेरी मिळून हजाराच्या जवळपास किलोमीटर होतात. म्हणजे वरच्या हिशेबाने एकट्या पुरुष प्रवाशाचा पास फिटला.

सात दिवस हाताशी असतील तर फेरी पश्चिमेकडून सुरू करावी: आधी शेगावला गजानन महाराजांचं दर्शन, मग अकोला, अमरावती, आणि अमरावती-नागपूर रस्त्यावर तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी. आदिनिवासात राहिलेले तुकडोजी महाराज ते हेच. मोझरीहून वर्धा, सेवाग्रामला दोन मुक्काम, पुढे वरोरा, चंद्रपूर आणि नागपूरवरून परत. यात भरपूर किलोमीटर होतात, तरी सेवाग्रामचे दोन दिवस कापू नयेत. कापायचंच असेल तर चंद्रपूर कापा.

एप्रिल-मे महिन्यांत वर्ध्याचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. कौलारू कुटीत गारवा असतो, पण बसस्थानकावर गाडीची वाट पाहणं अंगावर येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. २ ऑक्टोबर आणि ३० जानेवारीला आश्रमात कार्यक्रम असतात आणि गर्दी होते. शांतपणे बघायचं असेल तर त्या तारखा सोडून एखाद्या मंगळवार-बुधवारी जा. आगारात जाताना ओळखपत्र घ्या, दर विचारा, किलोमीटरचं गणित खिडकीशीच करा, आणि गणित जमत नसेल तर साधं तिकीट काढा, पण सेवाग्रामला जा.