टीव्ही चॅनेलने लहरी सोडाव्यात म्हणून सरकारनेच पैसे मोजले! अमेरिकेतला 'उलटा लिलाव' काय होता?

टीव्ही केंद्राने आपल्या लहरी परत कराव्यात म्हणून सरकारने त्यालाच पैसे द्यायचे, हे ऐकायला विचित्र वाटतं. अमेरिकेत २०१६-१७ मध्ये नेमकं हेच झालं. तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, टीव्ही केंद्रांकडून स्पेक्ट्रम परत घेतला आणि मोबाइल कंपन्यांना विकला.

टीव्हीचाच स्पेक्ट्रम का?

६०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी लांबवर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत पोहोचतात. त्यामुळे कमी टॉवरमध्ये मोठा भाग कव्हर होतो. हा पट्टा टीव्हीकडे होता. पण बहुतेक घरांत केबल किंवा डिश आली होती आणि दुसरीकडे मोबाइल डेटाची मागणी वाढत होती.

लिलाव कसा झाला?

२०१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने यासाठी कायदा केला. भाग घेणं ऐच्छिक होतं.

● उलटा लिलाव: एफसीसी मोठ्या रकमेपासून सुरुवात करून ती कमी करत जायची. रक्कम परवडेनाशी झाली की केंद्र बाहेर पडायचं आणि आपलं प्रक्षेपण सुरू ठेवायचं.

● सरळ लिलाव: मोकळ्या होणाऱ्या पट्ट्यासाठी मोबाइल कंपन्यांनी चढती बोली लावायची.

पहिल्या टप्प्यात गणित साफ फसलं. १२६ मेगाहर्ट्झ मोकळे करायला सुमारे ८६ अब्ज डॉलर लागणार होते आणि कंपन्यांची बोली २३ अब्जांवर थांबली. मग लक्ष्य कमी करत चौथ्या टप्प्यात ८४ मेगाहर्ट्झवर सौदा जुळला. १९.८ अब्ज डॉलर जमा झाले. त्यातले सुमारे १० अब्ज १७५ केंद्रांना मिळाले, तर ७ अब्जांहून अधिक सरकारी तिजोरीत गेले. त्यातली बरीच केंद्रं बंदही पडली नाहीत. डिजिटल तंत्रामुळे त्यांना दुसऱ्या केंद्राबरोबर एकच चॅनेल वाटून घेता आलं.

फटका कोणाला बसला?

उरलेल्या केंद्रांना दाटीवाटीने नव्या चॅनेलवर बसवण्यात आलं. हे काम २०२० पर्यंत चाललं. अँटेनावर टीव्ही पाहणाऱ्यांना चॅनेल पुन्हा स्कॅन करावे लागले. कमी शक्तीच्या छोट्या केंद्रांना मात्र कायद्याचं संरक्षण नव्हतं. त्यांच्या स्थलांतराच्या खर्चाची तरतूद २०१८ मध्ये झाली.

भारतात काय?

आपल्याकडे अँटेनावरचा टीव्ही फक्त दूरदर्शन दाखवतं. त्यामुळे खासगी केंद्रांकडून लहरी विकत घेण्याचा प्रश्नच येत नाही. अडचण किमतीची आहे. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१६ आणि २०२१ मध्ये विकलाच गेला नाही. किमान किंमत उतरवल्यावर २०२२ मध्ये तो जिओने घेतला. त्याच लिलावात ६०० मेगाहर्ट्झला एकही बोली आली नाही.

स्पेक्ट्रम ही जनतेची मालमत्ता आहे. तो स्वस्तात दिला तर तिजोरीचं नुकसान होतं आणि महाग ठेवला तर तो पडून राहतो. पडून राहिलेल्या लहरींचा उपयोग ना टीव्हीला होतो, ना फोनला.