ओट्यांचं गाव

अमरावतीच्या राजापेठेतून निघून मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला पहिल्यांदा जाणारा माणूस थोडा हिरमुसतोच. महानुभावांची काशी, तेराव्या शतकातला राजमठ, एवढं ऐकून तो कोरीव हेमाडपंती दगड शोधत येतो. समोर दिसतं ते बरंचसं नंतरच्या हातांनी बांधलेलं, डागडुजी केलेलं.

इथे आधी पायाखाली पाहावं.

राजमठ मुळात नरसिंहाच्या देवळाचा मठ. महानुभाव पंथ स्थापणाऱ्या चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राऊळ, तिथे राहत. गाव त्यांना वेडं म्हणे आणि पायाही पडे. मातंगांच्या घरी ते बिनदिक्कत जेवत. जिथे ते बसले, निजले, खेळले, तिथे पुढे ओटे बांधले गेले. 'दंडवत प्रणाम' म्हणत महानुभाव डोकं टेकतो ते या ओट्यांवर.

कुठली जागा कुठे, याची चोख नोंद चौदाव्या शतकातल्या 'स्थानपोथी'त आहे. देवळाचं तोंड कुठल्या दिशेला, दारवठा म्हणजे दरवाजा कुठे, पटिशाळा म्हणजे ओवरी चौकाच्या कुठल्या अंगाला, आणि त्यातली चक्रधरस्वामींची जागा नेमकी कोणती. असं गावामागून गाव. लिहिणाऱ्याला शिल्पशास्त्र मांडायचं नव्हतं, भक्ताची पावलं चुकू नयेत एवढंच पाहायचं होतं. पण त्या नादात यादवकाळातल्या कितीतरी देवळा-मठांचे आराखडे नुसत्या शब्दांत टिकले. वि. भि. कोलत्यांनी पोथी संपादून छापली, म्हणून ते आज कुणालाही वाचता येतात.

फ्रान्समधल्या क्लूनीचं नशीब वेगळं. 1088मध्ये बांधायला घेतलेलं तिथल्या मठाचं अवाढव्य चर्च राज्यक्रांतीनंतर दगडांसाठी पाडलं गेलं. विसाव्या शतकात केनेथ कोनंट या अमेरिकी अभ्यासकाला जमीन खणून त्याचा नकाशा जुळवावा लागला. रिद्धपुरात भिंती बदलल्या, नकाशा मात्र पोथीत राहिला.

याच गावात, वाजेश्वरीच्या देवळात, चक्रधरांचे शिष्य म्हाइंभट यांनी 1278च्या सुमारास चक्रधरांच्या आठवणींचं 'लीळाचरित्र' लिहिलं. त्यासाठी ते गावोगाव हिंडले. प्रसंग कुठे घडला, समोर कोण होतं, हे ज्याला त्याला खोदून विचारलं. 'स्थानपोथी'ची शिस्त याच घरातली!

आता रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. दारवठा, पटिशाळा हे शब्द तिथे कोशात शोधावे लागतील. आवार हा शब्द मात्र वऱ्हाडात अजून घरोघरी आहे. गुरं तिथेच बांधतात.